दीड जीबीचा वाटा

विनीत मुंबईहून आला तो पांढरे बूट घालून, आणि कोळंबीच्या शेडमध्ये शिरला तो नाकाला रुमाल लावून. भागूबाईला तेवढ्यानेच त्याची किंमत कळली. सख्ख्या भावाचा मुलगा, याच वाळूत उघडानागडा वाढलेला, आणि आता त्याला मासळीचा वास येत होता.

"आत्या, मोबाइलवर टीव्ही बघायला लोक किती तयार आहेत ते कंपनीला कळायला हवंय," तो म्हणाला. "या किनाऱ्यावर केवढा बाजार पडून आहे, कुणाला पत्ताच नाही."

"बाजार पडून नसतो रे. बाजार भरतो."

तो हसला. भाच्याचं ते हसू भागूबाईच्या डोक्यात गेलं.

आरे-वारेच्या अलीकडच्या त्या वाडीत टीव्हीची तार केरूची. केरू तिचा धाकटा दीर. बोटीवर दोरात सापडून त्याचा पाय गेला, तेव्हापासून तो केबल चालवून पोट भरत होता. शेडमधला मोठा टीव्हीही त्यानेच बसवलेला. दुपारी अकरा बायका त्याच्यासमोर कोळंबी सोलत बसायच्या. आता अर्ध्या घरांनी मोबाइलला हो म्हटलं की कंपनी वाडीत दुकान मांडणार आणि केरूची तार गुंडाळली जाणार. म्हणून आदल्या दिवशी भागूबाई घरोघर फिरली होती. "विनीत येईल, गोड बोलेल. नको म्हणायचं. केरूच्या पोटावर पाय देऊ नका." सगळ्यांनी मान हलवली होती.

विनीतने पाच मोबाइल पिशवीतून काढून उलट्या टोपलीवर मांडले.

"रोज दीड जीबी डाटा मिळणार, मावशी."

गंगुबाईने कोळंबीचं डोकं मोडता मोडता वर पाहिलं. "कसला वाटा?"

"डाटा."

"वाटाच ना. बांगड्याचा का तारलीचा? ढीग केवढा, ते दाखव तरी."

बायका खिदळल्या. तिथे मासळी तराजूवर जात नाही. जमिनीवर ढीग लावायचा, त्याला वाटा म्हणायचं, आणि गिऱ्हाइकाने डोळ्यांनी बघून उचलायचा. विनीत हे विसरला होता. तो समजावत बसला की हा ढीग दिसत नाही, पण असतो, रोज नवा लागतो आणि रात्री बाराला संपतो.

"आणि उरला तर?" भागूबाईने विचारलं.

"उरला तर जातो."

"कुठे जातो?"

"कुठे म्हणजे... जातोच, आत्या."

"माझ्या तारल्या उरल्या तर मी मीठ लावून उन्हात टाकते, पावसाळ्यात विकते. तुझा माल एका रात्रीत कुजतो, आणि तो विकायला तू इथपर्यंत आलास? शिकवला कशाला तुला भावाने?"

विनीतचे कान लाल झाले. तेवढ्यात दीडची मालिका लागली, आणि बायकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मालिकेतली थोरली सून आज सासूला सगळं तोंडावर सांगणार होती. पंधरा दिवस ती सांगणारच होती. आज तिने तोंड उघडलं आणि टीव्ही काळा झाला.

"मेल्या वानरांनी तार ओढली परत!" चिमा ओरडली. "केरूभावजींना बोलवा गो कुणीतरी!"

विनीतला तेच हवं होतं. त्याने पाचही मोबाइलवर तीच मालिका लावून दिली. गंगुबाईने पडद्याला बोट लावलं. बोट कोळंबीच्या पाण्याने ओलं, तेव्हा सुनेच्या जागी कुणीतरी क्रीम विकू लागला. तिने पुसलं, तर क्रीमवाला मोठा झाला. दुसऱ्या मोबाइलवर एक चाक गरगरत राहिलं. चिमाच्या मोबाइलवर मात्र चित्र पुढे धावत होतं. ती किंचाळली, "हाणली! सासूच्या कानाखाली हाणली!"

"सांगतेस कशाला गो? माझी अजून दारातच उभी हाय!"

"आणि माझी तर जिन्यात!"

पाच मोबाइलवर पाच सुना पाच ठिकाणी. बायकांनी पंधरा दिवस ज्या थपडेची वाट पाहिली, ती एकीला मिळाली आणि बाकीच्यांना नुसती ऐकू आली. शेडमध्ये भांडण जुंपलं. कोळंबी तशीच राहिली. भागूबाईने भाच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "हा तुझा बाजार!" मग केरूला शोधायला ती स्वतः निघाली. आता फक्त तार जोडायची होती. पुढे वाडीला काही समजवायची गरजच उरली नव्हती.

केरू घरी नव्हता, खांबापाशीही नव्हता. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत तो आडवा पडलेला दिसला. कानात इअरफोनची बोंडं, छातीवर मोबाइल, आणि मोबाइलवर कबड्डी.

भागूबाईने कानातलं बोंड उपटलं.

"वहिनी!" तो धडपडून उठला. "जरा एक चढाई..."

"टीव्ही बंद पडलाय."

"हां? मला कळलंच नाय."

"कळेल कसं? तू तुझा टीव्ही बघतोयस. कधीपासून चाललंय?"

"दिवाळीपासून," केरू पुटपुटला. "घरच्या टीव्हीवर हे चॅनल मीच देत नाय ना. महाग पडतं."

तिने काल सत्तावन्न दारं वाजवली होती, दुखऱ्या गुडघ्यांनी, याच्यासाठी. तिने नुसतं खांबाकडे बोट दाखवलं. केरू लंगडत गेला, काठीने तार सोडवली, जोडली.

शेडमध्ये टीव्ही लागला तेव्हा मालिका संपून साबणाची जाहिरात चालू होती. बायका मुकाट सोलत होत्या. विनीत मोबाइल पुसून पिशवीत भरत होता.

"सगळ्यांनी नको म्हटलंय, आत्या," तो म्हणाला. "आता या वाडीचं कंपनीला काय लिहू?"

भागूबाईने पदराने तोंड पुसलं. दारात केरू येऊन उभा होता.

"खरं तेच लिही. एक गिऱ्हाईक हाय. नाव केरू. धंदा, केबल."