गाण्यातली रिकामी जागा

तातेराव उन्हाला पाठ देऊन ओट्यावर बसले होते आणि त्यांची बायको बेबीनंदा त्यांना चहात बुडवून बिस्कीट भरवत होती. जन्मभर जालन्याच्या एका सळई कारखान्यात भट्टीपुढे उभं राहून त्यांची छाती पार निकामी झाली होती. मिथुन दोन दिवसांची सुट्टी काढून गावी आला होता. नवीन जालन्यात तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. आता तो अंगणात बापाच्या बाजेची ढिली पडलेली सुतळी आवळत बसला होता.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणं लावून गेला. तातेरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“आरं, हे तुझंच गाणं ना? ट्रॅक्टरवर वाजून राह्यलं की!”

“माझंच हाये, बा.”

“पण बोल कुठं गेले त्याचे?” बेबीनंदानं विचारलं. “नुसतंच धडामधुडूम ऐकू येतंय.”

मिथुननं सुतळीला आणखी एक हिसका दिला. बोल कुठं गेले ते त्याला ठाऊक होतं. गावातल्या डीजेवाल्या पप्पूनं ते काढून टाकले होते.

गावाचं नाव इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. भोकरदन तालुक्यात आहे एवढं पुरे. एका गावाचं नाव छापलं की बाकीची गावं सुटल्याचा निःश्वास टाकतात. या गावात जातपात कुणीच पाळत नाही, असं गावातला प्रत्येक माणूस पाव्हण्यांना सांगतो. फक्त बौद्धवाड्याचा मसनवटा ओढ्याच्या काठी आहे, त्याची जुनी वाट बद्रीनाथ पाटलांच्या रानातून जाते आणि त्या वाटेवर त्यांनी तार ओढली आहे. रानात पीक उभं असताना त्यातून बौद्धवाड्याचं मढं जाऊ द्यायचं नाही, बरकत जाते, असा रिवाज. पाटलांची माणसं, जनावरं, ट्रॅक्टर त्याच पिकाच्या कडेनं दिवसभर जात-येत असतात, त्यानं बरकतीला काही होत नाही. बौद्धवाड्यानं आपली माणसं ओढ्यातून न्यायची. आता माणूस काही पीक पाहून मरत नाही, पण हे पाटलांना सांगणार कोण?

मिथुनची आजी भादव्यात गेली होती. रानात मका डोक्याइतका उभा होता आणि ओढा दुथडी भरून वाहत होता. खांदेकरी तारेपाशी जाऊन थांबले. पुढं जाता येईना आणि तिरडी खाली ठेववेना. शेवटी लोकांनी म्हातारीला उचलून ग्रामपंचायतीपुढं नेलं आणि तिथल्या पत्र्याच्या शेडखाली बसले. साहेब आले, गेले. कुणी हू का चू करीना. मग तातेराव उठले आणि त्यांनी शेडच्या पत्र्यावर तळहात मारला.

बौद्धवाडा सुन्न झाला. तातेरावांच्या बापानं बुद्धाचा धम्म घेतला त्या दिवशी गावकीची हलगी आडात टाकली होती. तेव्हापासून त्या घरात कुणी कशावरही ठेका धरला नव्हता. लग्नात टाळी वाजवतानासुद्धा तातेरावांचा हात अडखळायचा. पण त्या दिवशी त्या हातातून न शिकलेला ठेका निघाला: सावकाश तीन, जल्दी दोन, मग काहीच नाही. पुन्हा सावकाश तीन. हळूहळू सगळा वाडा पत्रा बडवायला लागला. उन्हं कलताना पाटलांनी तार सोडली, “एवढ्या बारीला” असं म्हणून.

मिथुनचं गाणं तिथं जन्मलं. आणि ते गाणं बसवायला त्याच्या बरोबरीनं खपला तो बद्रीनाथ पाटलांचा मुलगा अंगद.

दोघं झेडपीच्या शाळेत एका बाकावर बसलेले. जालन्यात अंगदची खोली मशिनरीच्या दुकानावर होती आणि खोलीत त्याचे ड्रम होते. मिथुनकडं जुनी गिटार. आजीची गोष्ट मिथुननं सांगितली तेव्हा अंगद जागचा उठला. खाली गेला आणि भंगारवाल्याकडून खरा पत्रा घेऊन आला. गाणं त्या पत्र्यानंच सुरू व्हायचं. पहिल्या कडव्यापर्यंत गिटार नाही. मिथुन बोलल्यासारखा गायचा:

खांद्यावर आजी, पुढं तार,
सांगा, ही माती कुणाची?

मग गिटार यायची, खालच्या पट्टीत, खरखरीत, जड. ड्रम पत्र्याचाच ठेका उचलायचे आणि मिथुन छाती फुटेस्तोवर ओरडायचा: वाट सोडा! आणि ऐन भरात, जिथं कुठल्याही गाण्यानं आणखी वर चढावं तिथं, सगळं एकदम थांबायचं. लांबलचक शांतता. ती अंगदची कल्पना होती.

“इथं काहीच नको,” तो म्हणाला होता. “तुमी तारेपाशी थांबल्ते ना, तसं ऐकणाऱ्यालाबी थांबू दे. त्याला बी जड होऊ दे जरा.”

गाणं गाजलं. कॉलेजच्या पोरांनी ते फोनवर ठेवलं, एका मोर्चात ते हजारो गळ्यांनी म्हटलं. त्या दिवसांत अंगद एकदा तातेरावांना भेटायला आला, त्यांच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, “काका, वाटेचं मी पाह्यतो. बापाला समजावून राह्यलोय. तुमी बिलकुल फिकीर करू नका.”

अंगद खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण बापापुढं तोंड उघडायचा दिवस तो पुढं ढकलत गेला. बापानं मात्र ढकलाढकल केली नाही. त्यांनी स्थळ पाहिलं, सुपारी फोडली, लग्न काढलं. ड्रम गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेले. वरातीसाठी गाणी निवडताना पाटील पप्पूला म्हणाले, “अंगदचं ते गाणं लाव. वाजवलंय झकास पोट्ट्यानं. बोल तेवढे काढ.” अंगद तिथंच बसला होता.

ओट्यावर तातेरावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. समोर दूरवर पाटलांचं रान दिसत होतं. लग्नाच्या पाव्हण्यांच्या गाड्या लावायला म्हणून पाटलांनी यंदा तिथं रब्बी पेरलीच नव्हती. तारसुद्धा गुंडाळून ठेवली होती.

“यंदा रान मोकळं हाये,” तातेराव हसत म्हणाले. “आता गेलो तर सरळ जाईन. तुमाला तरास न्हाई.”

“काही बी बोलता का ओ सकाळच्या पारी?” बेबीनंदा चिडली.

“बोलू दे गं. मायला थांबवलं, ते मी पाह्यलं. मिथुन, मला थांबवू देऊ नको रे. एवढंच.”

“न्हाई थांबवू देणार, बा,” मिथुन म्हणाला.

लग्नाच्या दिवशी पहाटे तातेराव गेले.

मंडळी जमली. पांढरे कपडे घातलेला बौद्धवाडा त्रिसरण म्हणत निघाला तेव्हा दुपार झाली होती आणि रानाच्या कडेला पाटलांच्या मांडवात जेवणं चालली होती. रानाच्या तोंडाशी तार नव्हती. तिच्या जागी लग्नाची कमान होती, ‘सुस्वागतम’ लिहिलेली. आत पार ओढ्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. मधून एक रस्ता मोकळा होता, तिरडी आरामात जाईल एवढा.

बद्रीनाथ पाटील स्वतः पुढं आले. फेटा बांधलेला, गुलालानं भरलेला. त्यांनी हात जोडले. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही.

“तातेराव गेला, वाईट झालं. चांगला माणूस होता. पण आजचा दिवस समजून घ्या. वरात निघून राह्यली, अक्षता पडू द्या. मंग बराबर नेऊ.”

“काका, पीक न्हाई आता रानात,” मिथुन म्हणाला.

“पीक न्हाई, बाबा. शुभकार्य हाये.”

मिथुनच्या खांद्यावर बाप होता. मेलेला माणूस किती जड होतो ते थांबल्यावर कळतं. त्यानं पाटलांच्या मागं पाहिलं. घोड्यावरून उतरून अंगद येत होता, हळदीचे हात, गळ्यात हार. मिथुनच्या मनात वेडी आशा उठली. हा आता कमानीपाशी येईल, बापाला बाजूला सारील, दुसऱ्या खांद्याला लागेल.

अंगद आला. तिरडीकडं न पाहता म्हणाला, “मिथ्या, थोडं थांब ना यार. पाह्यजे तर गाणं बंद करायला लावतो.”

“गाणं चालू दे,” मिथुन म्हणाला. “वाट दे.”

अंगदनं बापाकडं पाहिलं. पाटील फक्त फेट्याचं टोक मागं टाकत होते. अंगदचे डोळे भरून आले, ते खोटे नव्हते. त्या डोळ्यांचा तातेरावांना काडीचा उपयोग नव्हता. तो वळला आणि घोड्याकडं गेला.

पप्पूनं गाणं लावलं. भिंतीएवढ्या स्पीकरांतून पत्र्याचा तो ठेका निघाला, तातेरावांच्या तळहाताचा, सावकाश तीन आणि जल्दी दोन. तातेराव मात्र त्याच ठेक्यापासून हाकेच्या अंतरावर, पोराच्या खांद्यावर खोळंबले होते. पोरं हात वर करून नाचायला लागली. बोलांच्या जागी पप्पूनं भोंग्याचे आवाज भरले होते. फक्त तो थांबा त्यानं तसाच ठेवला होता, कारण पोरांना तो फार आवडायचा. तिथं सगळी श्वास रोखून, हात वर करून उभी राहायची आणि ठेका परत आला की उसळायची.

थांबा आला. स्पीकर गप्प झाले. सगळं रान गप्प झालं.

त्या शांततेत बेबीनंदा ओरडली. पदर घसरलेला, दोन्ही हात पसरलेले.

“वाट सोडा की ओ! माझा माणूस हाये खांद्यावर!”

आवाज कमानीवरून, गाड्यांवरून थेट मांडवात गेला. पंक्तीतले घास थबकले. घोड्यावर अंगदनं डोळे मिटले. मिथुनला वाटलं, ऐकलं यांनी. आता कुणीतरी एक तरी माणूस उठेल.

नाचणाऱ्यांतून कुणीतरी खणखणीत शिट्टी मारली. त्यांना वाटलं, बोल परत घातलेत. मग दुसरी शिट्टी, मग टाळ्या, आणि “वाट सोडा, वाट सोडा” म्हणत सगळी पोरं उसळली. ठेका परत आला आणि वरात कमानीसमोरून नाचत पुढं गेली.

पोरांना कळलं नाही, हे एकवेळ धरून चालू. पण पंक्तीला बसलेल्या मोठ्यांना कळलं होतं. त्यांनी ते वाक्य शेवटपर्यंत ऐकलं, एकमेकांकडं पाहिलं आणि वाढप्याला हाक मारली. त्या पंक्तीत आपल्यापैकी कोण कोण बसलं होतं, ते ज्याचं त्याला माहीत आहे.