माझ्या पोटातली लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. माझं पाणी कोणीही पीत नाही आणि याचाच मला तोरा आहे! माझ्या तोंडावर कुलूपबंद लोखंडी जाळी आहे आणि काठावर पाटी : ‘सरकारी निरीक्षण विहीर. पाणी उपसू नये.’

तरुणपणी सगळी गल्ली माझ्यावर पाणी भरायची. मग घरोघर नळ आले आणि गरज सरली. ज्यांनी माझ्या पाण्याची गोडी गायली होती, तेच माझ्यात फुटक्या चपला टाकू लागले. माणसांचं असंच असतं.

पुढे भूजल खात्याच्या बाई आल्या. त्यांनी गाळ काढवला आणि आतल्या भिंतीवर लाल रेघ ओढली. नियम असा, की उन्हाळ्यात पाणी त्या रेघेखाली गेलं तर आसपास नवी खोल बोअर खणायची नाही आणि मोकळ्या जमिनीवर काँक्रीट ओतायचं नाही. एवढी सत्ता घरातल्या थोरल्या सुनेलाही नसते!

माझ्या शेजारी मैदान आहे. तिथे पाऊस मुरतो, तेव्हा माझ्या पोटात काही पडतं. एका उन्हाळ्यात मोटारींच्या शोरूमवाल्याने ते मैदान मागितलं. सगळीकडे फरशी आणि गाड्या धुवायला खोल बोअर, असा बेत होता. तसं झालं असतं तर पलीकडच्या लॉन्ड्रीवाल्या मावशींची उथळ बोअर आटलीच असती. निकाल माझ्या मोजणीवर होता.

मोजणीच्या दिवशी सकाळीच मावशींनी आपल्या बोअरचा पाइप जाळीतून माझ्यात सोडला, मोटर चालू केली आणि माझ्यात पाणी ओतायला लागल्या.

“वहिनी, हे काय आरंभलंय?” त्यांच्या दिराने विचारलं.

“पाहुणे यायच्या आधी घर आवरत नाही का आपण? विहीर रिकामी दिसली तर गल्लीची काय अब्रू राहील?”

बाई आल्या. पाणी रेघेच्या वर! त्यांनी ओला पाइप पाहिला आणि सगळं ओळखलं.

“मावशी, विहीर भरलेली दिसली की शोरूमला परवानगी. मग तुम्ही कपडे कशात धुणार?”

मावशींचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. “अगं बाई! मग उपसून टाकू का सगळं?”

“आता काही करू नका! मोटर बंद ठेवा. मी उद्या मोजते.”

आता सगळी भिस्त माझ्यावर होती. उसनं पाणी मी पोटात ठेवत नाही. दगडांच्या फटीफटींतून मी ते जमिनीला परत केलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी फीत सोडली, तेव्हा पाणी रेघेच्या चांगलं वीतभर खाली होतं. मैदान वाचलं. रिकामी असल्याबद्दल टाळ्या मिळवलेली विहीर तुम्ही दुसरी पाहिली आहे का?

मावशी आता माझ्या राखणदार आहेत. कोणी चूळ भरायला काठाशी आलं, तरी ओरडतात, “ए, लांब हो! आत एक थेंब जायला नको!”

मित्रांनो, माझ्यात पाणी ओतू नका. माझ्या शेजारची माती तेवढी उघडी ठेवा. बाकीचं मी बघते.