त्रिशुळाची खडखड

हरसूलच्या आठवडे बाजारात तिरपा त्रिशूळ आपोआप फिरत होता आणि आम्ही चपला काढून उभे होतो.

"सरळ दांडा कोणीही फिरवील," चौथऱ्यावरचे महाराज म्हणाले. "वाकडा फिरवायला देव लागतो! बघा, मधूनच अडखळतो. तो देवाचा श्वास!"

आम्हाला पटलं. खाली मशीन असतं, तर दांडा झुकवल्यावर अडकला नसता? महाराज तो एकेकाकडे झुकवत, तरी तो फिरत राही. म्हणजे माणूस स्वच्छ; थांबला की दोषी.

पुंजारामचे बैल मेले होते आणि त्याचा संशय सख्ख्या चुलतीवर, भिमाबाईवर होता. तिच्याकडे त्रिशूळ झुकला आणि थांबला.

"भुताळी! चेटकीण!" पुंजाराम ओरडला. "आजच गावाबाहेर काढा हिला!"

आमच्यातलं कोणी 'नाय' म्हणालं नाही. तिच्या हातची भाकरी खाल्लेलेही नाहीत.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मासूमा मॅडम पुढे आल्या आणि चौथऱ्यापाशी मांडी घालून बसल्या. "माझीही परीक्षा घ्या. कपाळाला टेकवा."

"देवाला एवढं वाकवू नये, बेटी."

"टेकवा, टेकवा!" आम्ही रंगात आलो होतो.

महाराजांनी नाइलाजानं वाकवला. त्रिशुळाच्या बुडाशी बांधलेल्या शेंदरी फडक्यातून खडखड उठली. मशागतीचा रोटर फार वर उचलला की ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यातून, पीटीओतून उठते, तीच.

"केरू, पीटीओ बंद कर! क्रॉस तुटंल!" पुंजाराम सवयीनं आपल्या ड्रायव्हरवर खेकसला.

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मॅडमनी फडकं सोडलं. "दोन लोखंडी काटे, मध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. क्रॉस दोन्हीकडे झुलतो, म्हणून दांडा तिरपा असला तरी खालचं फिरणं वर पोचतं. मात्र एकसारखं नाही. एका फेऱ्यात दोनदा मंदावतं. तोच श्वास. फार वाकवलं की काटे आपटतात. ट्रॅक्टरच्या अशाच सांध्याला तुम्हीच ग्रीस भरता की!"

चौथऱ्याखाली मोटर निघाली, महाराजांच्या पायाच्या अंगठ्याखाली ती थांबवायचं बटण. आम्ही खाली बघून चपला शोधू लागलो.

"काकी, चल घरी," पुंजाराम पुटपुटला.

"ते वाजलं नसतं, तर आता म्या कुठं असते रे?" भिमाबाईनं विचारलं.

त्यानं वाकून तिच्या चपला शोधून तिच्यापुढे ठेवल्या. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना सांगतो: बैल आजारी पडला तर गुरांच्या डॉक्टरला बोलवा. वाकडा दांडा फिरताना दिसला तर फडकं सोडून बघा. आणि कुणाला गावाबाहेर काढायचं, हे त्रिशुळाला विचारूच नका, तो खरा असला तरी.