सैल बूट

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "हृदय थकलंय, पाणी पायांत उतरतं. बूट घट्ट वाटायला लागला की तडक या." आता हे सांगावं कुणाला? जन्मभर लोकांचे घट्ट बूट सैल करून देणाऱ्या माणसाला!

बूट घट्ट झाले, तशी लेक बाजारात गेल्याचं पाहून पठ्ठ्याने ते बूट ताणायच्या लाकडी साच्यावर चढवले. तिला परगावी मनासारखी नोकरी लागली होती, आणि बाबांची तब्येत धड असेल तरच जाईन, असा तिचा हट्ट. आईविना वाढवलेली पोर. हट्टात बापाच्या वरताण.

आज त्याच्या बूटदुरुस्तीच्या दुकानातच बैठक बसली. आत्या राहायला येणार, गोळ्या ती देणार, जिना दिवसातून एकदाच. "आणि मीठ माझ्या ताब्यात," आत्या म्हणाली. "हा चोरून खाईल. बरणी उशाशी घेऊन झोपेन!" तो हसला, पण त्याला एका जागी बसवेना. उठला, हातोडी उचलली, ठेवली, पुन्हा बसला. एकदाची पोर गाडीत बसू दे, मग माझं काय व्हायचं ते होवो.

"अरे, बूड टेकव की! निखाऱ्यावर बसलायस का?" आत्या खेकसली.

"रोज फोनवर एवढंच विचारणार," लेक म्हणाली, "बूट कसा आहे?"

"सैल! आत पाय खेळतोय बघ."

तिने बघितलं. टाचेजवळची शिवण ताणून उसवायला आली होती. दुकानात वाढलेली पोर ती, तिला काय सांगायचं?

"बाबा, हा साच्यावर चढवलात तुम्ही."

खाली बसून तिने बूट काढला, पायावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच.

"अगं बाई!" आत्याची थट्टा कुठल्या कुठे गेली.

"तू जावंस म्हणून गं," तो पुटपुटला. "माझ्यापायी तू अडकलीस, तर जगून काय करू?"

"तुमच्या शब्दावर जाणार होते मी!" ती ओरडली. रडूही आलं तिला. "तुम्ही सैल सैल म्हणत राहिला असता आणि मी तिकडे निवांत झोपले असते. आता कशी जाऊ?"

जिला पाठवायला एवढा खटाटोप केला, तिची वाट त्यानेच अडवली होती. दवाखान्यात जायला गाडी बघते म्हणत आत्या बाहेर धावली.

"आडवं झालं की दम लागतो," तो एकदम म्हणाला. "बसूनच झोपतो हल्ली. जिन्यात मध्येच थांबतो. भीती वाटते गं, पोरी."

लेक पांढरीफटक पडली. पण त्याच्या पायावरचा हात काही तिने काढला नाही.

"हं," ती म्हणाली. "फोनवर असं बोलायचं."