उलटं झाकण

घरच्या मधाचा पहिला चमचा सासऱ्यांचा. त्यांनी जिभेवर थेंब टेकवून जे फूल सांगितलं, त्याचंच नाव बाटलीवर लागायचं. दुकानदार त्यांना मास्तर म्हणायचा. थंडीतल्या तापात मास्तरांची जीभ मेली, हे मात्र धाकट्या सुनेशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. नासलेल्या दुधाचा चहा ते मिटक्या मारत प्यायले, तेव्हा तिने कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

तेव्हापासून दोघांचं ठरलं. पिंप आधी तिने चाखायचं. मध चांगला असेल तर झाकण टेबलावर सुलटं, बिघडलेला असेल तर उलटं. फुलाचं नाव ते हंगाम बघून ठोकून द्यायचे. बदल्यात उन्हाची पुढची खोली तिची. मागच्या खोलीच्या भिंतींना ओल होती, तिथे तिचं आठ महिन्यांचं बाळ खोकून खोकून निळं पडायचं. थोरल्या जावेला त्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडायचं होतं, पण सासऱ्यांपुढे कोणाची टाप नव्हती.

मग ते पिंप आलं. बोट चाटताच तिची जीभ बधिर झाली. मध कसला, खोकल्याचं औषध. मधमाश्यांच्या अंगाला चिकटणारे बारीक किडे मरावेत म्हणून पेट्यांत औषधाच्या पट्ट्या ठेवतात. फुलं यायच्या आत त्या काढाव्या लागतात, नाहीतर वास मेणात मुरतो आणि मधात उतरतो. पट्ट्या काढायचं काम थोरल्या दिराचं. तिने झाकण उलटं ठेवलं.

दीर दारातच उभा होता.

"महिनाभर बघतोय तुमचा हा खेळ," तो म्हणाला. आवाज अगदी गोड. बाबा एकदा तोंडघशी पडले की पट्ट्यांचं कोण विचारतंय, शिवाय कारभार कधीतरी कोणी हाती घ्यायलाच हवा, असं त्याने समजावलं. मग कडेवरच्या बाळाच्या गालाला हात लावून विचारलं, "खोकला थांबला ना याचा? खोली तुझीच राहील. झाकण तेवढं तुझ्या हाताने सुलटं ठेव."

बाळाचा श्वास तिच्या मानेवर येत होता, स्वच्छ, न घरघरता. तिने झाकण सुलटं केलं.

दुकानदार आला. सासऱ्यांनी झाकण पाहिलं, चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले. "रानफुलांचा. शंभर नंबरी."

दुकानदाराने चाखला आणि रुमालात थुंकला. दीर जणू याचीच वाट बघत होता. त्याने खिशातून बाटली काढली, म्हणाला, बाबा, आता हा सांगा. बाटलीत मीठ कालवलेला साखरेचा पाक होता. म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. ती बाळाचं नाक पुसत होती, पुसायला काही नसताना.

"सूर्यफुलाचा," ते चाचरत म्हणाले.

हसणं जावेने सुरू केलं. दुकानदार आधी अवघडला, मग तोही हसला. "मास्तर, उद्या समुद्राचं पाणी आणतो, त्याचं फूल सांगा," असं म्हणाला. सासरे चमचा हातात धरून उभेच राहिले, तो कुठे ठेवायचा ते विसरल्यासारखे.

जावेच्या मशीनसाठी सासऱ्यांची खोली रिकामी झाली आणि त्यांची खाट मागच्या खोलीत, ओलीच्या भिंतीला लागली. झाकणाबद्दल त्यांनी कोणापाशी चकार शब्द काढला नाही. पुढच्या खोलीत बाळ रांगू लागलं. मागून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू यायचा.

ते पिंप कोणी घेतलं नाही. फेकायचं कशाला, बाबांना काय कळतंय, असं दीर म्हणाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, म्हणून त्यातल्या मधाची बरणी ती उंच फळीवर ठेवायची. सासऱ्यांना मात्र रोज सकाळी पावाबरोबर तीच बरणी नेऊन द्यायची. ते मुकाट खायचे. ताटली न्यायला ती गेली की बरणीचं झाकण शेजारी ठेवलेलं असायचं, उलटं.

ती ते सुलटं करायची आणि घट्ट लावायची.