सात नंबरचा नमुना

वर्गात सगळे ज्याला ढेकूळ म्हणत, त्याची ही तिसरी खेप. रूपांतरित खडकांच्या प्रात्यक्षिकात तो दोनदा आपटला होता. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, "या वेळी नापास झालास, तर उद्यापासून काकाच्या फरशीच्या दुकानात." काका दिवसभर एकच विनोद सांगत. ढेकूळ जिवावर उदार होऊन आला होता.

सहा नमुने कसेबसे झाले. सातव्या ट्रेमध्ये गडद-फिक्या पट्ट्यांचा चौकोनी तुकडा होता. ढेकळाने सुरीने ओरखडा काढून पाहिला. सुरीची धार गेली. अ‍ॅसिडचा थेंब टाकला, तो किंचित फसफसला.

"बोल," परीक्षक बाई म्हणाल्या.

"पट्टिताश्म, बाई. उच्च श्रेणीचा रूपांतरित खडक. प्रचंड उष्णता, तीही लाखो वर्षं."

"चाळीस मिनिटं," बाई थंडपणे म्हणाल्या.

अजून चाळीस मिनिटं आहेत म्हटल्यावर ढेकळाने निवांत भिंग काढलं. "हे गोल दाणे म्हणजे गार्नेट."

"बेदाणे. तो माझा केक आहे. चाळीस मिनिटं भाजून चहाबरोबर खायला आणलेला."

ढेकळाला काकांचा विनोद ऐकू येऊ लागला. शेजारी उभे असलेले प्रयोगशाळेतले मामा घाईने म्हणाले, "ट्रे रिकामा दिसला, म्हणून ठेवला मी."

"केक तर केक," ढेकूळ आता इरेला पेटला. "पण याच्यावर दाब पडलाय. पट्ट्या चपट्या झाल्यात, म्हणजे वरून. डावीकडे जास्त."

बाई पुढे वाकल्या. "घरून निघाला तेव्हा चार बोटं उंच होता. कधी पडला दाब?"

"गरम असतानाच. गार झाल्यावर हा कुणाच्या बापाला दबतोय..." ढेकळाने जीभ चावली. "आणि इथे गोल ठसा आहे, चार भोकांचा. हे बटण आहे, बाई. मागच्या खिशाचं."

सकाळी बाईंच्या घरून केक कागदात गुंडाळून मामांनीच आणला होता. मामा हळूहळू भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"मामा, वळा."

"कंबर धरलीय, बाई."

"वळा म्हणते ना!"

मामा वळले. डाव्या खिशाच्या बटणाला फाटक्या कागदाच्या कपट्यासकट एक बेदाणा चिकटला होता.

"बसमध्ये बसायला दुसरी जागाच नव्हती हो," मामा भिंतीला म्हणाले.

बाईंनी गुणपत्रिका ओढली. पोत: पूर्ण गुण. दाबाची दिशा: पूर्ण. नाव: शून्य. बेरीज बरोबर पासापुरती झाली. ढेकूळ आनंदाने उडी मारणार, तेवढ्यात बाईंनी सुरी त्याच्यापुढे सरकवली.

"तोंड गोड करून जा."

ढेकळाने अदबीने विचारलं, "बाई, हातोडी मिळेल?"