सकाळचं रक्त, संध्याकाळचं रक्त

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी बेताचंच होतं. विहीर माझी आणि धाकट्या भावाची, आकारामची, सामाईक. चार दिवस त्याची पाळी, चार दिवस माझी. माझ्या पाळीत मी पहाटे मोटर सुरू करायचो, पाटाच्या फाट्यावर माझ्या उसाकडचं दारं, म्हणजे पाणी अडवणारी माती, मोडायचो आणि बांधावर टेकायचो. उजाडल्यावर बघावं तर पाणी त्याच्या उसात, आणि आकाराम खोरं घेऊन फाट्यावर वाकलेला.

तीनदा बघितलं. बोललो नाही. पंच बोलावून विहीर वाटून घ्यायची ठरवलं.

तोवर झोप उडालेली. रोज तीनला टक्क जाग, दिवसभर डोकं जड. बायको साळूबाईनं कऱ्हाडहून एस.टी.नं सांगलीला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सकाळी रक्त घेतलं, संध्याकाळी परत घेतलं.

"दोनदा कशाला? इकतुय का काय?" मी साळूबाईला म्हणालो.

"तुमचं कोन इकत घेतंय?" साळूबाई म्हणाली.

तपासणीचा कागद मुंबईहून आला. डॉक्टर म्हणाले, "काळजीचा एक रस शरीरात असतो. पहाटे चढतो, माणसाला उठवतो. संध्याकाळी उतरतो. तुमचा उतरतच नाही. मेंदूतलं घड्याळ बिघडलंय. अंग उठतं, डोकं झोपलेलंच."

"माझं डोकं झोपल्यालं? आकारामची आन् तुमची वळख हाय काय?" मी विचारलं.

पंच यायच्या दिवशी साळूबाई पहाटे माझ्याबरोबर आली. मी खोरं मारलं. तिनं हात धरला.

"आवं, ह्ये भावजींचं दारं! आपलं डावीकडचं!"

बघितलं. पाणी त्याच्या उसाकडं निघालं होतं.

तेवढ्यात आकाराम खोरं घेऊन आला. त्यानं स्वतःचं दारं मातीनं बुजवलं, माझं मोडलं.

"पहिल्याच दिशी का बोलला न्हाईस?" मी विचारलं.

"बोललो असतो तर म्हनला असतास, चोर तो चोर, वर शानपना!"

खरं होतं ते.

पंच आले. "कशाला बोलावलं गड्या?"

"च्या प्यायला," मी म्हणालो.

आकाराम हसला नाही. "आजचं पानी मी बघतो," म्हणाला. "तू पड जा, दादा."

घरी आडवा झालो. तासाभरानं उठून, चपला न घालता फाट्यावर जाऊन बघून आलो. पाणी माझ्या उसात होतं.

मग झोप लागली.